जूकान घळ: वारसा राखायचा, तर 'नाही' कोणी म्हणायचं?

आज आपण ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांच्या वारशाबद्दल बोलणार आहोत. त्यांची पवित्र ठिकाणं, त्यांच्या जुन्या वस्तू, आणि त्यांना कायद्याने मिळणारं संरक्षण. विषय लांबचा वाटेल, कायद्याचा वाटेल, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असंही कोणाला वाटेल. पण त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातला एक साधा प्रश्न आहे. एखादी गोष्ट जपायला हवी हे सगळ्यांनी मान्य केलं, तरी ती मोडायची परवानगी देण्याचा अधिकार कोणाच्या हातात असतो? ज्याच्या हातात तो असतो, त्याच्यावर ती गोष्ट टिकणं अवलंबून असतं. बाकी कायद्याची प्रस्तावना कितीही चांगली असू दे.

सुरुवातीला शब्दाबद्दल. 'ॲबोरिजिनल' हा शब्द मी तसाच ठेवतो. 'आदिवासी' म्हटलं की आपल्याला आपले गोंड, भिल्ल, वारली आठवतात. शिवाय 'ॲबोरिजिनल' म्हणजे एकच एक समाज, अशीही समजूत नको. इंग्रज तिथे पोचले तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. म्हणजे तितके लोक, तितके मुलूख, तितक्या रीती.

काय घडलं

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या वायव्य भागात पिल्बारा नावाचा प्रदेश आहे. लाल माती, लाल खडक. तो लाल रंग लोखंडाचा, आणि म्हणूनच जगातल्या मोठ्या लोहखनिजाच्या खाणी तिथे आहेत. टॉम प्राइस या खाणगावाच्या वायव्येला सुमारे ६० किलोमीटरवर जूकान घळ आहे. हा मुलूख पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या लोकांचा. नाव लांब आहे, म्हणून त्यांना मी यापुढे नुसतं 'कुर्रामा-पिनिकुरा' म्हणतो. जूकान हे त्यांच्याच एका पूर्वजाचं नाव.

या घळीत दोन शैलाश्रय होते. शैलाश्रय म्हणजे खडकाच्या कपारीत निसर्गतः तयार झालेला निवारा. भीमबेटका पाहिलं असेल तर कल्पना येईल. उत्खननात तिथे माणसाच्या वावराचे सुमारे ४६,००० वर्षांपर्यंत मागे जाणारे पुरावे मिळाले. मधल्या काळात हिमयुगाचा सर्वांत कडक टप्पा येऊन गेला, तेव्हाही माणसं इथे येत होती. २०१४ च्या उत्खननात ७,००० हून अधिक वस्तू निघाल्या. कांगारूच्या हाडाचं सुमारे २८,००० वर्षांपूर्वीचं हत्यार निघालं. आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा, माणसांच्या केसांची वेणी घालून केलेल्या पट्ट्याचा एक तुकडा निघाला. त्यात अनेक माणसांचे केस होते. डीएनए तपासणीत त्या केसांचं नातं आजच्या कुर्रामा-पिनिकुरा लोकांशी जुळलं.

क्षणभर याचा विचार करा. आपण सातवाहनांना 'आपले' म्हणतो, त्याला फार तर दोन हजार वर्षं झाली. इथे त्याच्या दुप्पट जुने केस, आणि आज हयात असलेल्या माणसांशी त्यांचं रक्ताचं नातं.

२४ मे २०२० रोजी रिओ टिंटो या खाणकंपनीने ब्रॉकमन ४ या खाणीच्या विस्तारासाठी हे दोन्ही शैलाश्रय सुरुंगाने उडवले. पुढे संसदीय चौकशीत बाहेर आलं, की खाणीचा आराखडा करताना कंपनीपुढे चार पर्याय होते. त्यांतल्या तीन पर्यायांत शैलाश्रय वाचले असते. निवडला गेला तो चौथा, कारण त्यात सुमारे ८० लाख टन जादा खनिज मिळणार होतं. त्याची किंमत अंदाजे १३.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर.

जगभर संताप झाला. कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यासह तिघा वरिष्ठांना पद सोडावं लागलं. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने चौकशी केली. तिचा अंतरिम अहवाल डिसेंबर २०२० मध्ये आला आणि अंतिम अहवाल ऑक्टोबर २०२१ मध्ये. पण या स्फोटाबद्दल दंड झाला का? नाही. कारण कंपनीकडे परवानगी होती. आणि ती परवानगी दिली होती वारसा जपण्यासाठीच केलेल्या कायद्याने.

कायदा कसा चालत होता

या कायद्याचं नाव 'ॲबोरिजिनल हेरिटेज ॲक्ट', १९७२. राज्याचा कायदा, आणि त्या काळी पुढारलेला समजला गेलेला. त्याचं कलम १७ सांगतं, की ॲबोरिजिनल वारशाच्या जागेची मोडतोड करणं हा गुन्हा आहे. इथपर्यंत ठीक. लगेच पुढचं कलम १८ सांगतं, की जमिनीच्या मालकाला त्या जमिनीचा असा वापर करायचा असेल, की ज्याने कलम १७ मोडलं जाईल, तर त्याने अर्ज करावा. एक समिती अर्ज पाहील, शिफारस करेल, आणि मंत्री संमती देईल किंवा नाकारेल.

म्हणजे कलम १७ दार बंद करतं आणि कलम १८ त्याची किल्ली मंत्र्याच्या खिशात ठेवतं. अशी सूट बऱ्याच कायद्यांत असते, त्यात वावगं काही नाही. पाहायचं असतं ते, की किल्ली मागायला कोण जाऊ शकतो आणि दिलेली किल्ली परत कोण मागू शकतो.

पहिली गोष्ट. 'जमिनीचा मालक' यात खाणपट्टा घेतलेली कंपनीही येत होती. पण त्या जागेचे परंपरेने राखणदार असलेले लोक येत नव्हते. दुसरी गोष्ट. मंत्र्याचा निर्णय मान्य नसेल तर न्यायाधिकरणाकडे दाद मागायची सोय होती, पण ती फक्त अर्जदाराला. संमती नाकारली तर कंपनी दाद मागू शकत होती. संमती दिली तर राखणदारांना त्या कायद्यात कुठलाच रस्ता नव्हता. तिसरी गोष्ट. एकदा दिलेली संमती नवी माहिती पुढे आली म्हणून बदलण्याची तरतूदच नव्हती.

आता तारखा लावून बघा. संमती मिळाली डिसेंबर २०१३ मध्ये. मघाशी सांगितलेल्या वस्तू निघाल्या २०१४ मध्ये, म्हणजे संमती हातात असताना, स्फोटाआधी जे वाचवता येईल ते वाचवावं म्हणून केलेल्या उत्खननात. या मुलखावर कुर्रामा-पिनिकुरा लोकांचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला २०१५ मध्ये. आणि स्फोट झाला २०२० मध्ये. जागेचं महत्त्व कळलं, लोकांचा हक्क सिद्ध झाला, आणि या दोन्ही गोष्टींचा २०१३ च्या कागदावर काडीचा परिणाम झाला नाही.

कोणी विचारेल, की वर केंद्राचा कायदा नव्हता का? होता. १९८४ चा. राज्याच्या कायद्याने जागा वाचत नसेल तर केंद्रीय मंत्र्याने हुकूम काढून ती वाचवावी, असा शेवटचा उपाय त्यात आहे. पण शेवटच्या उपायाची एक अडचण असते. तो वापरायला वेळ लागतो, आणि त्याची आठवण येते तेव्हा वेळ संपलेला असतो. मे २०२० च्या मध्यावर, जुलैमधल्या एका समारंभासाठी आपल्या लोकांना घळीत जाता येईल का, असं कुर्रामा-पिनिकुरांच्या संस्थेने कंपनीला विचारलं. तेव्हा त्यांना कळलं, की सुरुंगाची तयारी झालेली आहे. त्यानंतर हातात उरले जेमतेम दहा दिवस. शिवाय कंपनीबरोबरच्या करारात जाहीर विरोधावर आणि हरकती घेण्यावर बंधनं घालणारी कलमं होती. ज्याला ओरडायचं, त्याच्याच तोंडाला कुलूप.

हे सगळं अपघाताने झालं असं मानू नका. नूनकनबा नावाचं एक ठिकाण आहे, त्याच राज्याच्या उत्तरेला किम्बर्ली प्रदेशात. १९८० मध्ये तिथल्या पवित्र भागात एका परदेशी तेलकंपनीला विहीर खणायची होती. तिथले लोक नको म्हणत होते. त्या वेळी कायद्याप्रमाणे अशा बाबी राज्य वस्तुसंग्रहालयाच्या विश्वस्तांकडे होत्या, आणि विश्वस्तही जागेच्या बाजूचे होते. सरकारने त्यांचं म्हणणं बाजूला सारलं. पोलिसांच्या बंदोबस्तात यंत्रांच्या ट्रकचा तांडा तिथे नेला आणि विहीर खणली. तेल निघालं नाही. पण त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली, आणि निर्णयाचा अधिकार विश्वस्तांकडून मंत्र्याकडे गेला. जूकानची किल्ली मंत्र्याच्या खिशात आली ती या वाटेने.

जागा म्हणजे नकाशावरचा ठिपका?

आता या घटनेमागच्या कल्पनांकडे येऊ. पहिली कल्पना 'जागा' ही.

कायद्याला जागा नोंदवावी लागते. नोंदवायची म्हणजे तिला हद्द हवी, क्रमांक हवा, नकाशावर ठिपका हवा. हे समजण्यासारखं आहे. ज्याची हद्द सांगता येत नाही, त्याची मोडतोड झाली हे न्यायालयात कसं सांगणार? पण ॲबोरिजिनल लोक इंग्रजीत बोलतानाही 'कंट्री' हा शब्द खास अर्थाने वापरतात. त्यात जमीन, पाणी, प्राणी, पूर्वज, त्यांच्या गोष्टी आणि त्या सगळ्यांची निगा राखायची जबाबदारी, हे सगळं एकत्र येतं. मराठीत त्यातल्या त्यात 'मुलूख' हा शब्द जवळचा, पण जबाबदारीचा अर्थ त्यात आपल्याला वेगळा घालावा लागेल. गुहा हा त्या मुलखाचा एक अवयव आहे. नकाशावर फक्त अवयवाला ठिपका मिळतो.

हा फरक केवळ वैचारिक नाही. पोर्ट हेडलंड बंदरातल्या एका जागेचा खटला बघा. राज्याच्या खात्याने असा निकष लावायला सुरुवात केली होती, की जागा 'पवित्र' ठरायची असेल तर तिथे प्रत्यक्ष धार्मिक विधी व्हायला हवेत. जागेशी एखादी कथा, गाणं किंवा श्रद्धा जोडलेली असणं पुरेसं नाही. या निकषावर अनेक जागा नोंदीतून गळल्या. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ चुकीचा ठरवला.

हा निकष आपल्याकडे लावून बघा. त्र्यंबकेश्वराच्या देवळात रोज पूजा होते, तेव्हा देऊळ पवित्र. पण मागचा ब्रह्मगिरी? जिथून गोदावरी निघाली अशी श्रद्धा आहे, ज्याला लोक प्रदक्षिणा घालतात, तो अख्खा डोंगर? माथ्यापासून पायथ्यापर्यंत प्रत्येक खडकावर कोणी अभिषेक करत नाही, म्हणून मधला भाग खणायला मोकळा, असं म्हणणारा अधिकारी आपल्याला चालेल का? कागदावर तो निकष तटस्थ दिसतो. पण त्यात धर्म म्हणजे देऊळ, वेदी, विधी, अशी एक ठराविक समजूत आधीच बसलेली असते.

जे सांगता येत नाही, ते सिद्ध कसं करायचं?

दुसरी कल्पना ज्ञानाची. कायदा म्हणतो, पुरावा द्या. पण काही समाजांत काही ज्ञान सगळ्यांसाठी नसतं. ते फक्त स्त्रियांचं असतं, फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांचं असतं, विशिष्ट घराण्याचं असतं. आपल्याला हे नवीन नाही. गुरुमंत्र कानात सांगतात, चारचौघांत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात मरी नदीच्या मुखाशी हिंडमार्श नावाचं बेट आहे. तिथे पूल बांधायचा होता. नारिन्जेरी समाजातल्या काही स्त्रियांनी सांगितलं, की हे बेट आणि भोवतीचं पाणी स्त्रियांच्या पवित्र ज्ञानाशी जोडलेलं आहे. केंद्रीय मंत्र्याने १९९४ मध्ये १९८४ च्या कायद्याखाली पुलावर २५ वर्षांची बंदी घातली. त्यासाठी दिलेल्या माहितीतला काही भाग बंद लिफाफ्यांत होता, फक्त स्त्रियांनी वाचावा म्हणून. मंत्री पुरुष. त्याने तो वाचला नाही.

पुढे काय झालं? न वाचता निर्णय कसा घेतला, म्हणून न्यायालयाने बंदी रद्द केली. त्याच समाजातल्या दुसऱ्या काही स्त्रियांनी सांगितलं, की असं काही ज्ञान आम्ही ऐकलेलं नाही. राज्याच्या चौकशी आयोगाने १९९५ मध्ये ठरवलं, की हे सगळं रचलेलं आहे. १९९७ मध्ये संसदेने या पुलापुरतं वारसा कायद्याचं संरक्षण काढून घेणारा खास कायदा केला, आणि १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, तो वैध ठरवला. २००१ मध्ये पूल खुला झाला. आणि त्याच वर्षी नुकसानभरपाईच्या एका दाव्यात संघीय न्यायालयाच्या न्यायाधीशांनी सगळा पुरावा नव्याने ऐकून म्हटलं, की ही श्रद्धा रचलेली होती असं आपल्याला पटलेलं नाही. तोवर पुलावरून गाड्या धावत होत्या.

ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने इथे मोठी गाठ आहे. गुपित उघड केलं तर ते पवित्र राहत नाही. उघड केलं नाही तर ते आहे हे कोणी मानत नाही. आणि सगळ्यांना ते माहीत नाही हाच ते खोटं असल्याचा पुरावा समजायचा, तर गुप्त ज्ञान तर्कानेच अशक्य झालं. मी असं म्हणत नाही, की कोणी 'गुपित आहे' म्हटलं की कायद्याने मान डोलवावी. पण ऐकणारा कोण असावा, हे तरी बदलता येतं. नॉर्दर्न टेरिटरीत १९८९ च्या कायद्याखाली पवित्र जागांसाठी एक स्वतंत्र प्राधिकरण आहे, आणि त्याच्या मंडळावर बहुसंख्य सदस्य त्या त्या भागातले ॲबोरिजिनल राखणदार असतात. तिथे माहिती सांगायची ती आपल्यासारख्यांना सांगायची असते. याच टेरिटरीत बूटू क्रीक इथल्या मँगनीज खाणीत एका पवित्र जागेची नासधूस झाली, तेव्हा प्राधिकरणाने खटला भरला आणि २०१३ मध्ये कंपनीला दीड लाख डॉलर दंड झाला. हो, त्याच २०१३ मध्ये. शेजारच्या राज्यात त्याच वर्षी जूकानची संमती निघाली.

वस्तू वाचली म्हणजे वारसा वाचला?

तिसरी कल्पना वस्तूची. जूकानच्या वस्तू स्फोटाआधी बाहेर काढल्या होत्या. मग 'महत्त्वाचं ते वाचलं' असं म्हणता येईल का? पुरातत्त्वाच्या दृष्टीने काही अंशी येईल. राखणदारांच्या दृष्टीने नाही. केसांचा पट्टा वाचला, पण तो जिथे ठेवला होता ती जागा, जिथे पूर्वज वावरतात असं ते मानतात, ती गेली. घर पाडून देव्हाऱ्यातले टाक कपाटात ठेवले, तर कुलाचार चालू राहिला असं आपण म्हणत नाही.

वस्तूंचा कायदा वेगळा आणि त्याच्या अडचणीही वेगळ्या. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने काही वस्तू देशाबाहेर नेण्यावर पूर्ण बंदी आहे: पवित्र आणि गुप्त विधींच्या वस्तू, झाडाच्या सालीच्या किंवा ओंडक्याच्या शवपेट्या, मानवी अवशेष, शैलचित्रं, कोरीव झाडं. चांगलं आहे. पण जे आधीच गेलं त्याचं काय?

२००४ मध्ये मेलबर्नच्या वस्तुसंग्रहालयात एक प्रदर्शन भरलं. त्यात झाडाच्या सालीवर कोरलेली एकोणिसाव्या शतकातली चित्रं होती, जा-जा-वुरुंग लोकांची. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडून आणि क्यूच्या वनस्पती उद्यानाकडून उसनी आणलेली. पूर्वजांच्या वस्तू दीडशे वर्षांनी मायभूमीत आल्या, त्याही पाहुण्या म्हणून. जा-जा-वुरुंग लोकांनी १९८४ च्या कायद्यातली तातडीच्या हुकमाची तरतूद वापरली आणि त्या परत जाण्यापासून अडवल्या. हुकूम मुदतीचा होता, तो पुन्हा पुन्हा काढला गेला. संग्रहालय न्यायालयात गेलं, आणि २००५ मध्ये निर्णय संग्रहालयाच्या बाजूने लागला. वस्तू लंडनला परत गेल्या. पुढे २०१३ मध्ये केंद्राने कायदा केला तो कशासाठी? परदेशातून प्रदर्शनासाठी उसन्या आणलेल्या वस्तू अशा अडवता येऊ नयेत म्हणून. संग्रहालयांचीही बाजू आहे. वस्तू अडकणार असेल तर कोण उसनी देईल? पण तराजूत कोणाचं पारडं जड झालं तेही दिसतं.

किंमत, मूल्य आणि तराजू

आता मूळ प्रश्नाकडे. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने एक भेद केला होता. ज्याच्या बदल्यात दुसरं काही सारख्या मोलाचं देता येतं, त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरं काही ठेवताच येत नाही, ते किमतीच्या पलीकडचं. कांट हे माणसांबद्दल बोलत होता. पण कलम १८ ची रचना या भेदाने चांगली उलगडते. ते कलम मंत्र्याच्या हातात तराजू देतं. एका पारड्यात खनिज, रोजगार, राज्याचा महसूल. दुसऱ्या पारड्यात जागेचं महत्त्व. तराजूत घालायचं म्हणजे दोन्हींना एकच माप आहे असं आधीच धरून चालायचं. १३.५ कोटी डॉलर हा आकडा टनात आणि डॉलरात मोजता येतो. दुसऱ्या बाजूला आकडा नाही. मग जिकडे आकडा, तिकडे काटा झुकतो. यात मंत्री दुष्ट असायची गरज नाही.

उपाय म्हणून पुष्कळदा सुचवलं जातं, की जागेचं महत्त्व अधिक काटेकोरपणे मोजा. मला ते अपुरं वाटतं. जूकानला महत्त्व कळलं नव्हतं असं नाही. २०१४ नंतर कंपनीकडेच त्याचे अहवाल होते. कमी पडलं ते ज्ञान नव्हे, कमी पडला तो अधिकार. ज्यांचं नातं त्या जागेशी आहे, त्यांच्या 'नाही'ला कायद्यात वजन नव्हतं.

असं वजन देता येतं का? याचं एक उत्तर आपल्याच देशात आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. तिथले डोंगरिया कोंध लोक त्या डोंगराला नियमराजाचं स्थान मानतात. एप्रिल २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वनहक्क कायद्याखाली लोकांचे धार्मिक आणि सांस्कृतिक हक्क बाधित होतात का, हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा गावांत ग्रामसभा झाल्या. बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने मंजुरी नाकारली. प्रश्न कोणाला विचारला, यावर उत्तर बदललं.

म्हणून आपण फार शहाणे, असं नाही. आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण चालू आहे. ग्रामसभांचे हक्क त्या भागालाही आहेत. कायद्यात 'नाही' म्हणण्याची सोय असणं ही पहिली पायरी झाली. ते 'नाही' ऐकलं जाणं ही पुढची.

नंतर काय झालं

जूकाननंतर पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये नवा कायदा केला. कंपन्यांना कमाल दंड १ कोटी डॉलरपर्यंत नेला. जुन्या कायद्यात कंपनीला पहिल्या गुन्ह्याला कमाल ५०,००० डॉलर होता, म्हणजे फरक लक्षात येईल. १ जुलै २०२३ ला कायदा लागू झाला. शेतकरी आणि जमीनमालक बिथरले: कुंपणाचे खांब रोवायलाही परवानगी लागणार का, म्हणून. नियम किचकट होते, तयारी अपुरी होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारने कायदा मागे घेत असल्याचं जाहीर केलं. लागू झाल्यापासून जेमतेम पाच आठवडे. नोव्हेंबर २०२३ पासून पुन्हा १९७२ चा कायदा, थोड्या दुरुस्त्यांसह.

दुरुस्त्या अगदीच टाकाऊ नाहीत. आता पारंपरिक हक्क असलेले लोकही मंत्र्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. नवी माहिती मिळाली तर ती मंत्र्याला कळवणं बंधनकारक आहे आणि संमती बदलता येते. म्हणजे मघाच्या तीन दोषांतले दुसरा आणि तिसरा दूर झाले. पण पहिला निर्णय अजून मंत्र्याचाच. व्हिक्टोरिया राज्यात २००६ च्या कायद्याने वेगळी वाट धरली आहे: मोठ्या कामासाठी वारशाचा आराखडा मंजूर करायचा की नाही, हे आधी त्या मुलखाची नोंदणीकृत ॲबोरिजिनल संस्था ठरवते, तिचा नकार पटला नाही तर काम करणाऱ्याने न्यायाधिकरणाकडे जावं. दाद मागण्याचा बोजा कोणी वाहायचा, एवढंच तिथे उलटं केलं आहे. पण तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन

*सर, प्रत्येक समाजाला असा नकाराधिकार दिला तर एकही खाण होणार नाही. लोखंड तर आपल्या सगळ्यांना लागतं.*

लागतं. माझ्या हातातल्या काठीच्या टोकालाही लागतं. पण वस्तुस्थिती बघा. कुर्रामा-पिनिकुरा लोकांनी खाणींना सरसकट नाही म्हटलेलंच नव्हतं. त्यांच्या मुलखात खाणी चालाव्यात यासाठी त्यांनी कंपनीशी करार केलेला होता. त्यांचं म्हणणं, ही घळ सोडा. आणि सोडणारे तीन आराखडे कंपनीकडे तयार होते. ज्याला 'नाही' म्हणता येतं, तोच मोकळेपणाने 'हो' म्हणू शकतो. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणणं हा शब्दाचा गैरवापर आहे.

*आणि समाजातच दोन मतं असली तर? हिंडमार्शला होती तशी?*

असणारच. आपल्याकडे एका गावच्या देवस्थानाच्या पंचांत चार मतं असतात. मतभेद आहेत म्हणून गावाला काही कळत नाही, असं आपण ठरवत नाही. निर्णय घ्यायची त्यांची रीत काय, ते विचारतो. तेच तिथे करायला हवं. त्याला वेळ लागतो. पण शेहेचाळीस हजार वर्षं टिकलेल्या जागेसाठी अजून एक वर्ष थांबायला काय हरकत होती, याचं उत्तर त्या चौकशीत मला कुठे सापडलं नाही.

इथे थांबू.